सतरा नंबरची बाटली

आज तोंड उघडू नकोस, असं ताईने मला सकाळी सकाळी फोन करून बजावलं. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. तिची मुलगी गोटी हिचा आज व्हायवा, म्हणजे पीएचडीची तोंडी परीक्षा. गोटी एकतीस वर्षांची आहे, आर्किटेक्ट आहे, आणि गेली पाच वर्षं एका जुन्या छताखाली पालथी-उताणी होऊन पीएचडी करतेय. मी ताईला म्हटलं, मी कशाला बोलेन, मला तिथे फक्त बाटल्या मांडायच्या आहेत. ती म्हणाली, तुला मी जन्मापासून ओळखते.

तिचंही चुकीचं नाही. मी रसायनशास्त्र विभागात सव्वीस वर्षं प्रयोगशाळा सहायक आहे आणि माझ्या नाकावर राग असतो, हे विभागात सगळ्यांना माहीत आहे. नीट न धुतलेला बीकर मी प्रोफेसरलासुद्धा परत पाठवलाय. मला सगळे बाटलीमावशी म्हणतात. पूर्वी पाठीमागे म्हणायचे, आता तोंडावर म्हणतात. माझी काही हरकत नाही.

गोटीचं काम काय, ते सांगते. आमच्या विद्यापीठाच्या आवारात एक जुनं सभागृह आहे, कमानदार छताचं. पंधरा वर्षं त्याला कुलूप होतं, कारण छताचा गिलावा सुटतोय अशी शंका होती. ते लोकांना बघायला उघडता येईल का, हे तीन विभागांनी मिळून शोधायचं ठरलं. गोटीने बांबूच्या परांचीवर चढून छताचं माप घ्यायचं आणि चोवीस ठिकाणचे चुन्याचे तुकडे बाटल्यांत भरून द्यायचे. त्या चुन्यात किती दम उरलाय ते आम्ही तपासायचं. आणि पर्यटन विभागाने ठरवायचं, माणसं किती सोडायची, कुठून न्यायची, कुठे बसवायची. ते काम करणाऱ्याला आम्ही गर्दीमास्तर म्हणतो. हा भला माणूस हातात मोजायचं यंत्र घेऊन देशोदेशीच्या संग्रहालयांत नुसता उभा राहून आलाय. कोण कुठल्या भिंतीपाशी किती मिनिटं रेंगाळतो, हे तो झोपेतही सांगेल.

तिघांनी आपापलं काम चोख केलं. एक ते बारा नंबरच्या बाटल्यांत चुना खणखणीत निघाला. तेरा ते चोवीसमध्ये क्षार इतके, की चुना बोटाने चुरला जात होता. गोटीच्या नकाशात एक ते बारा खिडक्यांच्या बाजूला होते, तेरा ते चोवीस जिन्याच्या बाजूला. म्हणजे जिन्याकडचं छत वाईट, खिडक्यांकडचं चांगलं. गर्दीमास्तरने मग जिन्याकडे दोर लावला आणि खिडक्यांखाली बाकं मांडली. त्याच्या हिशेबाने माणूस तिथे सरासरी अकरा मिनिटं मान वर करून बसणार होता. आज अकराला व्हायवा, आणि साडेबाराला चाळीस पाहुण्यांची पहिली तुकडी आत जाणार होती.

सकाळी साडेनऊला आमच्या सरांनी सांगितलं की बाहेरच्या परीक्षक बाईंना मूळ गाळ बघायचाय. चुना आम्लात विरघळवला की खाली वाळू उरते. ती गाळणकागदावर धरून, वाळवून, आम्ही पाकिटात ठेवतो. चोवीस पाकिटं मी कपाटातून काढली, फोडली आणि एकेक कागद काचेखाली मांडायला घेतला. सतरा नंबरच्या कागदावर वाळूत एक निळा कण होता. तांदळाच्या कणीएवढा, आम्लातही न विरघळलेला, आणि लख्ख निळा.

तो मी पहिल्यांदा बघत नव्हते. सहा महिन्यांपूर्वी तपासणी केली तेव्हाही तो मला दिसला होता. तेव्हा मला विचारलं होतं, क्षार किती. रंग कुठला, हे कोणी विचारलं नव्हतं. शेऱ्याचा रकाना मी कोरा सोडला होता.

पण मधल्या काळात एक गोष्ट घडली होती. गेल्या रविवारी गोटीने मला हौसेने ते सभागृह दाखवायला नेलं होतं. मी आयुष्यात पहिल्यांदा आत गेले. छत सगळं पांढरं, आणि फक्त खिडक्यांच्या डोक्यावर एक हातभर रुंद निळा पट्टा. जिन्याकडे निळ्याचा ठिपकाही नाही. मी विचारलंही होतं, इकडे का नाही गं? ती म्हणाली, मावशी, रंगवणारे मधेच पळून गेले असतील.

मग जिन्याकडच्या सतरा नंबरमध्ये निळा आला कुठून? मी एकच आशा धरून कपाट पुन्हा उघडलं, की माझ्याच हातून पाकिटं बदलली असतील. सगळ्या नोंदी, सगळ्या चिठ्ठ्या ताडून पाहिल्या. माझ्याकडे चूक नव्हती. चूक माझ्याकडे नाही म्हणून रडू येण्याची ती माझी पहिलीच वेळ.

दहा वाजून वीस मिनिटांनी मी गोटीला गाठलं. ती व्हायवाच्या खोलीबाहेरच्या पॅसेजमध्ये कागद चाळत उभी होती, इस्त्रीचे कपडे, केस घट्ट बांधलेले. मी तिला कोपऱ्यात ओढलं, कागद दाखवला, आणि छताचं पहिलं चित्र तिने कसं काढलं ते विचारलं. ती म्हणाली, परांचीवर उताणी पडून, वही तोंडावर धरून. डोकं दाराकडे, पाय मंचाकडे. मग टेबलावर आल्यावर चित्राचं दार नकाशाच्या दाराला जुळवलं आणि नंबर उतरवून घेतले.

मी तिच्याच हातातला एक कोरा कागद घेतला. डोक्यावर आडवा धरला. दार माझ्या पाठीमागे, तिकडच्या कडेला दार लिहिलं. खिडक्या डाव्या हाताला, तिथे खिडक्या लिहिलं. मग कागद खाली आणून गुडघ्यावर ठेवला आणि दार दाराकडे येईल असा फिरवला. खिडक्या उजवीकडे गेल्या होत्या.

गोटीला दुसऱ्यांदा दाखवावं लागलं नाही. वर बघून काढलेलं चित्र तिने वरून बघितल्यासारखं टेबलावर ठेवलं होतं, आणि पाच वर्षांत तिच्या, माझ्या, गर्दीमास्तरच्या, कुणाच्याच डोक्यात ते आलं नव्हतं. सगळं छत डाव्याचं उजवं झालं होतं. वाईट बाजू खिडक्यांची होती. बाकं नेमकी तिथेच होती.

मला आधी तिचा राग आला, मग स्वतःचा आला, आणि मग काहीच येईना. गोटी भिंतीला टेकून उभी होती. एका परीक्षकांनी ही तारीख दोनदा पुढे ढकलली होती. तिची नोकरी या पदवीवर अडली होती, पुढच्या महिन्यात तिला रुजू व्हायचं होतं. ताईने सोसायटीभर सांगून ठेवलं होतं.

"मावशी, एक तास," ती म्हणाली. "साडेबाराच्या आधी मी स्वतः सांगते. आई शपथ. व्हायवा होऊ दे फक्त."

मी घड्याळ बघितलं. अकरा ते बारा व्हायवा. मग अर्धा तास उरतो. अर्ध्या तासात दोर इकडचा तिकडे बांधता येतो. त्यात कुणाचं काही बिघडत नाही, असं मी मनाशी म्हटलं, आणि माझ्यासारख्या खट बाईने मान हलवली. खोटं कशाला सांगू, तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर मी तिथल्या तिथे बोंब ठोकली असती.

व्हायवा सुरू झाला. खोलीत वीसेक माणसं. मी मागच्या भिंतीला, माझ्या काचांच्या टेबलापाशी. गोटी चांगलं बोलत होती. इतकं चांगलं, की मला वाटलं ती पॅसेजमधलं विसरली. फक्त तिचा डावा हात पाठीमागे होता आणि त्याची मूठ सुटत नव्हती. परीक्षक बाई माझ्या टेबलाजवळ आल्या, काचेखालून एकेक कागद बघत गेल्या. सोळा. सतरा. बाई अठरावर गेल्या. त्यांना निळा कण दिसला असणार, पण त्याही रसायनवाल्याच. त्यांनी सभागृह बघितलं नव्हतं.

अकरा पस्तीस झाले आणि दार ढकलून गर्दीमास्तर आत आला. खुशीत होता. व्हायवाच्या अध्यक्षांच्या कानाशी लागून, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने त्याने सांगितलं, की पाहुण्यांची बस लवकर आली. उन्हात उभं ठेवणं बरं दिसेना, म्हणून चाळीसच्या चाळीस जणांना आत घेतलंय. बाकांवर बसलेत, छान वर बघतायत. अध्यक्ष म्हणाले, उत्तम, आपणही आवरतं घेऊन तिकडेच जाऊ.

मी गोटीकडे बघितलं. आता ती बोलेल. बोलायलाच हवं, तासाचा प्रश्नच मिटला होता. तिनेही माझ्याकडे बघितलं. डोळे नुसते विनवत होते. मग तिने मान वळवली आणि पुढची स्लाइड लावली. त्यावर खिडक्यांकडची बाजू हिरव्या रंगात होती, आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, सुरक्षित क्षेत्र.

सव्वीस वर्षांत मी एकाही व्हायवात प्रश्न विचारलेला नाही. खुला व्हायवा असतो, शिपाईसुद्धा विचारू शकतो, पण विचारत कोणी नाही. मी हात वर केला. अध्यक्षांना वाटलं मला बाहेर जायचंय, त्यांनी जा म्हणून खूण केली.

"मला प्रश्न विचारायचाय," मी म्हटलं. "सतरा नंबरमध्ये निळा रंग निघालाय. तो जिन्याकडे कुठून आला?"

खोलीत कुणाला काही कळलं नाही. आमच्या सरांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी सगळी कपाटं खाली पाडली. एक जण हसलाही. गोटीने मात्र हातातले कागद टेबलावर ठेवले. मला तिथे उभं राहणं नको झालं. तिला लहानपणी सायकल शिकवताना मी हात सोडला होता आणि ती पडली होती, ते मला अगदी तेव्हा आठवलं.

"माझ्या चुकीतून आला," ती म्हणाली. "माझा नकाशा उलटा आहे. वाईट छत खिडक्यांकडचं आहे." आणि गर्दीमास्तरकडे वळून, "दादा, फोन लावा. आत्ता. सगळ्यांना जिन्याच्या बाजूने बाहेर काढा. हळू, आरडाओरडा न करता."

गर्दीमास्तरने फोन लावला नाही, तो पळालाच. पन्नाशीचा, पोट सुटलेला माणूस इतक्या जोरात पळताना मी पाहिला नव्हता. त्याचं मोजायचं यंत्र माझ्या टेबलावरच राहिलं. सात-आठ मिनिटांनी त्याचा निरोप आला, चाळीस बाहेर, मोजलेत. तोवर खोलीत कोणी खुर्चीवरून हललं नव्हतं.

मग परीक्षक बाईंनी मला विचारलं, हा रंग तुम्हाला कधी दिसला? आज सकाळी म्हणता आलं असतं. मी म्हटलं, सहा महिन्यांपूर्वी. मग शेऱ्यात का नाही? मी म्हटलं, रंग माझं काम नव्हतं. हे बोलताना माझी मला लाज वाटली. त्यांनी ते लिहून घेतलं.

व्हायवा स्थगित झाला. नमुने पुन्हा, नकाशा पुन्हा, किमान एक वर्ष. गोटीची नोकरी गेली. मला लेखी समज मिळाली, ती कपाटात आतल्या बाजूला चिकटवली आहे. ताईने फोन केला तेव्हा मला वाटलं होतं शिव्या देईल. ती फक्त म्हणाली, तुझीच भाची होती गं. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या. गोटीने मात्र फोनही केला नाही. मी दोनदा केला, उचलला नाही. आठ दिवस मी रोज तिच्या विभागासमोरून लांबचा वळसा घालून घरी गेले, दिसली तर काय बोलायचं ते सुचत नव्हतं.

नवव्या दिवशी दुपारी ती प्रयोगशाळेत आली. दोन्ही हातांत खोकं. तिने ते माझ्या तराजूशेजारी ठेवलं आणि उघडलं. आत गिलाव्याचा एक तुकडा होता, अर्ध्या विटेएवढा, एका कडेला लख्ख निळा पट्टा.

"तिसऱ्या दिवशी पडला," ती म्हणाली. "बाकावर. मधोमध. दादांनी जपून ठेवला होता."

मी तो दोन्ही हातांनी उचलून तराजूवर ठेवला. एक किलो तीनशे चाळीस ग्रॅम. नोंदवही काढली, वजन लिहिलं, शेऱ्याच्या रकान्यात रंग निळा असं लिहिलं. माझं अक्षर एवढं वाकडं कधी आलं नव्हतं. तिला बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, अगं, तू एकच तास मागितला होतास. तासाभरात काही पडलं नसतं.

गोटी स्टुलावर बसली.

"तास झाला असता ना, तर मी सोमवारपर्यंत वेळ मागितला असता," ती म्हणाली. "बस आल्याचं मी ऐकलं, मावशी. तरी मी स्लाइड पुढे केली."

मग ती रडली. मीही रडले. थोड्या वेळाने मी उठून चोवीस रिकाम्या बाटल्या धुवायला घेतल्या, आणि ती शेजारी उभी राहून एकेक पुसायला लागली.