चित्रातली सारजा

मी एक जुनी कादंबरी आहे; सक्करदऱ्याच्या वाचनालयातली, पाठ मोडलेली. सारजा नावाची विणकरीण सासरच्या भांडणाला कंटाळून कन्हानच्या काठाने निघून जाते, ही माझी गोष्ट. ती परत येते की नाही, ते शेवटच्या पानांवर होतं. ती पानं केव्हाच गळली. आता मलाही आठवत नाही.

मित्रांनो, मोठमोठ्यांनी मला नावाजलं. त्यातल्या निम्म्यांनी प्रस्तावनेच्या पुढे पान उलटलं नव्हतं. मी कपाटातून सगळ्यांना ओळखून होते.

मग माझीच चित्रकादंबरी निघाली, रंगीत, गुळगुळीत. लोक ती एका बैठकीत संपवून म्हणू लागले, "काय कादंबरी आहे!" कौतुक माझ्या नावावर, हात तिच्या अंगावर. नवी प्रत आली की जुनी काढायची, हा ग्रंथपाल मधुकररावांचा नेम. त्यांनी मला रद्दीत टाकलं. वाईट वाटलं नाही. काहीच वाटलं नाही.

आठवड्याने धनश्री ती रंगीत प्रत हातात घेऊन आली. तिचे सासरे गणपतराव जन्मभर हातमागावर बसलेले. आता डोळे गेलेले.

"जुनं पुस्तक द्या," ती म्हणाली. "बाबा म्हणते, चित्र मले ऐकू येते का वं?"

"अहो, तेच तं आहे!" मधुकरराव तिच्या हातातल्या प्रतीकडे बोट दाखवून म्हणाले.

"तेच कसं? यात सारजा दहा-दहा पानं तोंडच उघडत नाही."

मधुकररावांनी मला रद्दीतून ओढून काढलं आणि दोन्ही प्रती तिला दिल्या.

धनश्री रोज संध्याकाळी वाचायची. एक दिवस पानं संपली.

"थांबली काहून वं?"

"पुढचं फाटलं आहे, बाबा."

"मंग सारजा आली का नाही घरी? मले आज झोप नाही येत आता."

धनश्रीने नव्या प्रतीचं शेवटचं पान उघडलं. "इथं लिहून काही नाही. नुसता तिच्या घरचा माग आहे. सारजा नाही दिसून राहिली."

"मागावर ताणा आहे का? उभा धागा?"

तिने चित्र डोळ्यांजवळ नेलं. "आहे."

"जातानी तिनं ताणा कापला होता, तूच परवा वाचलं. मंग हा कोणं लावला? आली वं पोरगी! ठेव चहा."

माझा शेवट मला असा कळला. आनंद झाला, असं खोटं सांगणार नाही.

धनश्रीने आम्हा दोघींना एकाच पिशवीतून परत नेलं. मधुकररावांनी कपाटाकडे पाहिलं, रद्दीकडे पाहिलं आणि मला टेबलावर ठेवलं. मी अजून तिथेच आहे.

टाकायचं तर टाका, मित्रांनो. फक्त त्याआधी एकदा कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा.