मास्तरांच्या मुलीची सही

मुळगावात गोकुळदास मास्तरांच्या घरी माशाच्या तुकडीचासुद्धा न्याय व्हायचा. आज मधली तुकडी मुलाला, साईशला मिळाली तर उद्या मुलीला, सुविधाला. ताटं दोघांनी घासायची, आणि भाऊ म्हणून सूट मागितली तर साईशच्या ताटातली तुकडीच नाहीशी व्हायची. मास्तर न्यायाच्या बाबतीत भलतेच कडक. निवृत्तीनंतर तर ते घरोघर जाऊन बायकांना बजावायचे, "न वाचतां खंयच सही करूं नाकात."

बजावायला कारण होतं. गोव्यात मुलीला मुलाइतकाच वाटा. कायदाच तसा आहे. म्हणूनच तर भाऊ बहिणीला साडी नेसवतात, पोटभर जेवू घालतात आणि हळूच हक्क सोडल्याच्या कागदापुढे बसवतात. मास्तरांनी अशा तीन बहिणींना सहीच्या टेबलावरून उठवून आणलं होतं. त्यांचे भाऊ अजून मास्तरांशी बोलत नाहीत.

मास्तरांची बायको गंगाबाई गेल्या, त्याला वर्ष झालं. एके दिवशी मास्तरांचा वास्कोला फोन गेला. "बाय, आवयच्या कागदांचेर तुजी सही जाय. मंगळारा डिचोले यो."

सुविधा वास्कोला बंदरावरच्या एका कचेरीत नोकरीला होती. लग्न केलेलं नव्हतं, आणि त्याचं तिला दुःखही नव्हतं. आईच्या कसल्या कागदांवर सही हवी, हे तिने विचारलं नाही. जगात एकाच माणसाचा कागद न वाचता सही करावी असं तिला वाटे, आणि तो माणूस म्हणजे बाबा. रजा टाकून, दोन बसगाड्या बदलून ती डिचोलीच्या निबंधक कचेरीत पोचली. साईश आधीच आला होता. दोन शेजारी साक्षीदार म्हणून बसले होते. मास्तरांनी तिच्या हातात पेन दिलं आणि शेवटचं पान पुढे सरकवलं.

टेबलापलीकडे निबंधक म्हणून सुमंगला होती, मास्तरांचीच जुनी विद्यार्थिनी. ती म्हणाली, "रावात, मास्तर. आदीं वाचून दाखोवपाचो नेम आसा."

"घरचींच माणसां गो. वाचपाची गरज ना."

बाबा असं म्हणाले तेव्हा सुविधाने पेन खाली ठेवलं. वाचायची गरज नाही, हे वाक्य त्या तोंडून तिने जन्मात ऐकलं नव्हतं.

सुमंगलाने वाचलं. सुविधा गोकुळदास हिने आईच्या वारशातला आपला सगळा हक्क राजीखुशीने सोडला आहे, असं त्या कागदात होतं. ऐकता ऐकता सुविधाचे कान तापले. तिने साईशकडे पाहिलं. तो मोबाइलमध्ये तोंड घालून बसला होता. म्हणजे त्यालाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त तिलाच.

"बाबा, हें कितें?"

"साईशाक दोन भुरगीं आसात. तूं एकटी. जाका गरज चड, ताका चड. होच न्याय न्हय?"

"मागीर म्हाका फोनार तशें कित्याक सांगलें ना? विचारलें आसतें जाल्यार कदाचित हांव दिवपाची आसलीं."

मास्तर चष्मा पुसू लागले. चष्मा स्वच्छच होता.

"तूं न्याय काडपाची आसली," शेवटी ते म्हणाले. "सवाल करपाची आसली. म्हाका खबर आसलें. म्हणून सांगलें ना."

दिव्याखाली अंधार असतो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण आपला दिवा वेगळा, असंच प्रत्येक मुलीला वाटतं. बाबा न्याय विसरले असते, तर म्हातारपण म्हणून तिने पोटात घातलं असतं. पण ते काहीच विसरले नव्हते. सगळं पाठ असूनच त्यांनी तिला फसवलं होतं.

"हांव सही करिना," ती म्हणाली.

साईश पुटपुटला, "ताय, लोकांमुखार तमाशो नाका."

मास्तर उठले. चेहरा लाल झाला होता. दोघा शेजाऱ्यांकडे वळून, सुविधा जणू तिथे नाहीच अशा आवाजात ते म्हणाले, "चूक म्हजीच. चलयेक इतलें शिकोवंक फावो नासलें."

तोवर सुविधाच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. आता आलं. वाट्याचं काय, तो आज ना उद्या तिने भाच्यांना दिलाच असता. पण मुलीला इतकं शिकवायलाच नको होतं म्हणत, जिच्यावर ती उभी होती ती सगळी शिकवण बापाने चार माणसांसमोर चूक ठरवली होती.



सुमंगलाने कागद मिटला आणि पुढच्या माणसाचं नाव पुकारलं.