कुंपणातली विहीर आणि मी

ऐका मित्रांनो, मी बोकडाच्या कातड्याची एक म्हातारी पखाल आहे, पण सांगायला बसले की मला दम म्हणून धरवत नाही!

आमच्या सहारात माझ्या मालकिणीनं, खम्मानं, मला शिवलं, लोणी चोळचोळून मऊ केलं. ओली असले की मी ठणठणीत, कोरडी पडले की तडकते. एवढंच माझं दुखणं.

फ्रेंचांशी स्वातंत्र्याची लढाई पेटली तेव्हा त्यांनी आमच्या विहिरीला तारेचं कुंपण घातलं आणि आत छावणी टाकली. मग खम्मा मला गाढवावर टाकून लांब डोंगरातल्या झऱ्यावर न्यायची. तिथं कपारीत तिच्या बहिणीचा मुलगा अमूद लपून लढायचा. माझ्या तोंडाला तोंड लावून घटाघटा प्यायचा आणि म्हणायचा, "मावशी, जिंकलो की आधी तुझी विहीर सोडवतो!" मी अशी फुगायचे म्हणून सांगू!

आणि खरंच जिंकलो की! बायकांनी ढोल बडवले, नवा झेंडा लागला. खम्मा मला घेऊन धावतच विहिरीवर गेली. कुंपण होतं तसंच. फाटकावर पहाऱ्याला अमूद, आपल्या नव्या फौजेच्या कोऱ्या गणवेशात.

"सरक ना, भरू दे पाणी."

"नाही जमणार, मावशी. आपल्या सरकारनं करार केलाय. फ्रेंच साहेब अजून काही वर्षं इथंच."

"अरे, हरले ना ते?"

"हरले. पण छावणी त्यांच्याकडेच राहिली, आणि विहीर छावणीत." तो खाली बघत म्हणाला, "गाडीनं पाणी पाठवतील, थेट तुझ्या तंबूपर्यंत. फुकट!"

"माझंच पाणी, आणि मला फुकट देतोस होय रे?"

मित्रांनो, ज्या तोंडाला मी पाणी पाजलं, तेच तोंड हे बोलत होतं!

पण पत्र्याचे डबे आले. आयतं पाणी कुणाला नको? खम्माचे गुडघेही दुखायचे. तिनं मला खांबाला अडकवलं. आधी येताजाता ओला हात फिरवायची, मग तेही राहिलं. शेजारणींच्या पखाली तर शेळ्यांनी चघळल्या. सगळ्यांचे डोळे गाडीच्या धुळीकडे.

मग एकदा साहेबांनी तार पुढे सरकवली आणि आमचं कुरण आत घेतलं. खम्मा गाडीला आडवी गेली. दुसऱ्या दिवशी गाडी आलीच नाही. नंतरही नाही. अमूद आला.

"माफी माग ना मावशी, येईल गाडी."

"कुणाची मागू? हरलेल्यांची?"

तिनं मला खांबावरून उतरवलं, तर वाळून तडकलेली माझी शिवण आपोआपच उकलली. काट्यानं टोचून, लोणी फासून तिनं मला कशीबशी सांधली आणि झऱ्यावर नेली. मी गळत होते हो, वाटभर गळत होते. तंबूत पोचेपर्यंत माझ्यात उरलं ते जेमतेम घरच्या लेकरांपुरतं. ती स्वतः तहानलेलीच निजली.

म्हणून हात जोडते. डबे येतील, प्या खुशाल, पण आपल्या पखालीला रोज ओला हात लावा. आणि जिंकल्याचा ढोल वाजवण्याआधी विहिरीचं फाटक उघडून बघा.