कॉम्प्युटर घेत नाही

"तू नुस्तं एवढंच म्हण, गुरू. कॉम्प्युटर घेत न्हाय म्हणून."

व्यंकटकाकांनी दबक्या आवाजात सांगितलं आणि दाराकडे पाहिलं. दुकानाबाहेरच्या बाकावर वैदेही बसली होती. तिचे वडील उन्हाळ्यात गेले. घरात मुलगा नाही, म्हणून त्यांच्या वाट्याचा देवीच्या पूजेचा मान तिनं स्वतःसाठी मागितला होता.

गुरुप्रसादचं नळदुर्गला झेरॉक्सचं दुकान. पण त्याचा जीव देवळासाठी केलेल्या सॉफ्टवेअरवर. पुजाऱ्यांच्या सहा घरांपैकी पूजेचा आठवडा कुणाचा, एवढंच ते सांगे. पहिल्या खेपेला त्यानं सगळे नियम प्रोग्रामच्या पोटातच शिवून टाकले होते. अधिक महिना आला आणि एका पहाटे दोन पुजारी दोन नैवेद्य घेऊन गाभाऱ्यात समोरासमोर उभे! देवीची चंगळ झाली, गुरुप्रसादची गावभर शोभा. त्यानं कानाला खडा लावला. नियम वेगळे काढून ठेवले, हवे तेव्हा बदलता येतील असे. पुढे सुतकातली अदलाबदल आली, दत्तक आला, भावाभावांत अर्धा आठवडा आला. प्रोग्राम सगळं निमूट पचवत गेला.

काका सहा घरांचे कारभारी, त्यामुळे बाकीच्यांनी निर्णय त्यांच्यावर ढकललेला. माणूस वाईट नव्हता, पण 'नाही' म्हणायला जीभ रेटेना. कॉम्प्युटरच नको म्हणाला, तर पोरगी भांडणार कुणाशी?

"काका, दुसरं काय बी सांगतो, हे न्हाय," गुरुप्रसाद हसत म्हणाला. "ते दोन नैवेद्य इसरले व्हय?"

"मंजी घेतंय?"

"घेतंय की! वारस मुलगाच पायजे, हा नियम तुमचा, माझ्या प्रोग्रामचा न्हाय. तुमी म्हणा, आत्ता बदलतो."

काकांच्या समोरचा चहा गार झाला. बाहेर वैदेही आरती गुणगुणत होती, थेट वडिलांच्या चालीत. काकांना ते ऐकवेना आणि उठवेनाही.

"गुरू, माझ्या माघारी आमच्या चारुशीलेला बी घेईल का रं?" चारुशीला त्यांची एकुलती एक लेक.

"त्याच नियमानं. वेगळं काय करावं लागत न्हाय."

काकांनी उपरण्यानं चष्मा पुसला, जरा जास्तच वेळ. मग दारात जाऊन ओरडले, "वैदेही, आत ये. तुजं नाव तूच टाईप कर. हा गुरू लई चुका करतो!"

गुरुप्रसादनं खुर्ची सोडली. वैदेहीनं पडद्यावरचं वडिलांचं नाव आधी वाचलं. मग त्याखाली एकेक अक्षर शोधत आपलं लिहिलं.