शेंदराखालचा पंखा

मी मारोती नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी विमानाचा लाकडी पंखा बोलतोय, नागपूरजवळच्या वाडीतल्या एका घराच्या भिंतीवरून. तुम्ही हात जोडले असतील तर राहू द्या. जोडलेले हात कुणाला ना कुणाला पोचतातच.

शेंदूर आणि तेलाचा इतका जाड थर माझ्यावर चढलाय, की खालचं लाकूड आता कुणाला दिसत नाही. शेजारच्या सिंधूताई दर शनिवारी तेल घालायला येतात. घरच्या म्हातारीला म्हणतात, "लई जागृत हाय वं कौसल्याबाई, तुमचा मारोती! कसा दोन्ही हात पसरून उभा हाय!"

बाई, ते हात नाहीत, पाती आहेत. पण सांगायला मला तोंड कुठं आहे?

पातळ फळ्या एकावर एक चिकटवून, मग तासून गुळगुळीत करून मला घडवलं आणि सोनेगावच्या विमानतळावर उड्डाण शिकवायच्या एका विमानाच्या नाकावर बसवलं. तिथल्या फ्लाइंग क्लबात देवाजी फिटर होते. सकाळी ते आधी मला नमस्कार करत, मग दोन्ही हातांनी पातं धरत. "कॉन्टॅक्ट!" अशी इंजिन चालू करायची आरोळी देऊन त्यांनी ते जोरात खाली ओढलं की मी भर्रकन सुटलोच!

मला पुसता पुसता ते माझ्या घराण्याच्या गोष्टी सांगत. दूर अमेरिकेत सायकली दुरुस्त करणाऱ्या दोघा भावांनी आपल्या हातांनी लाकूड तासून पंखे केले आणि माणूस उडाला. अलाहाबादेत टपालाच्या थैल्या घेऊन विमान यमुनेवरून गेलं. आणि आपल्या नागपुरात तर मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशा चारी दिशांची टपाल विमानं रात्री उतरत, थैल्यांची अदलाबदल करत आणि आल्या वाटेनं परत जात. "साऱ्या देशाच्या चिठ्ठ्या आपल्या गावात एकमेकीले भेटत गा," देवाजी म्हणत. मला वाटे, केवढं मोठं माझं कुळ!

एकदा काटोलजवळ आमचं इंजिन हवेतच बंद पडलं. विमान एका शेतात उतरलं आणि बांधावर आदळलं. माझ्या एका पात्याचं टोक उडालं. मागच्या जागेवर बसलेल्या देवाजींचा पाय मोडला.

मोडका पंखा क्लबाच्या काय कामाचा? देवाजींच्या दोस्तांनी मला त्यांच्या घरी आणलं आणि मधल्या भोकातून लोखंडी दांडा घालून भिंतीवर टांगलं. देवाजी तेव्हा दवाखान्यातच होते. त्यांची बायको कौसल्याबाई, हवेत उडतो तो मारोतीच असं मानून, ओल्या केसांनी माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"मारोतीराया, या माणसाले आपल्या पायानं घरात येऊ दे. माह्या घरातलं कोणी पुन्हा जमीन सोडणार नाही."

असा नवस बोलून त्यांनी माझं पातं लाल धाग्यानं भिंतीतल्या खिळ्याला गच्च आवळून बांधलं.

देवाजी लंगडत का होईना, आपल्या पायानं आले. नवस पावला. दर खंडेनवमीला माझ्यावर शेंदूर चढू लागला, धागासुद्धा त्याखाली दडला. लोक मला मारोती म्हणू लागले. देवाजी हसत, पण कौसल्याबाईंपुढं बोलत नसत.

फिरायला जन्मलेल्यानं बांधून राहणं काय असतं, ते मी कसं सांगू? वरून विमान गेलं की भिंत हलकेच थरथरायची. माझ्या फळ्या जाग्या व्हायच्या. धागा म्हणायचा, गप.

तो धागा मला एकट्यालाच नव्हता. मुलगा रुपराव हवाई दलात भरती व्हायला निघाला, तेव्हा आईनं नुसतं माझ्याकडे बोट दाखवलं. तो काही बोलला नाही. इथल्याच एका गोदामात कामाला लागला. तेव्हापासून विमानाचा आवाज आला की अंगणातली सगळी माणसं वर बघत, रुपराव बघत नसे.

देवाजी वारले. आणि यंदा रुपरावची मुलगी दामिनी हिची वैमानिकाच्या शिक्षणासाठी निवड झाली.

"आजी, सोमवारी निघाचं हाय. तू हो म्हण ना वं."

"देवाले शब्द देला हाय पोरी. तो मोडता येत नाही."

"सोळा सोमवाराचं उद्यापन केलं तू. संकष्टीचं केलं. मंग याचंच काहून नाही? याचं उद्यापन कधी हाय?"

ज्या बाईनं एकही व्रत अर्धवट सोडलं नाही, तिला या एका नवसाचा शेवट ठाऊक नव्हता.

दारात चपला घालता घालता रुपराव म्हणाला, "माय, माह्या वेळी मी काही बोललो नाही. आता बोलून राहिलो. जाऊ दे तिले."

त्या दिवशी उपास नव्हता, तरी कौसल्याबाई जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळीच पुरण शिजलं. माझ्यासमोर दोन पाट मांडले, रांगोळी काढली. बापलेकीला पाटावर बसवून दोघांना कुंकू लावलं, पुरणपोळी वाढली आणि कौसल्याबाईंनी माझ्यापुढं पदर पसरला.

"मारोतीराया, चुकलं माह्यं. म्या माह्या ताटातलं नाही, लेकरायच्या ताटातलं उचलून तुले वाढलं. आता माह्या ताटातलं घे. आजपासून म्या संत्र सोडलं."

दामिनीचा घास हातातच राहिला. आजीचं माहेर काटोलचं. भावाकडून संत्र्यांची टोपली आली, की उन्हात बसून फोडीफोडीनं संत्र खाणं, एवढीच त्या माउलीची चैन.

"आजी, संत्र नको सोडू वं! दोडके सोड!"

"न आवडती भाजी सोडली तर देव हसंल मले. जेव गुमान."

मग त्यांनी सुरी घेतली. शेंदराचा पोपडा निघाला, धागा कट्कन तुटला. दामिनी उठलीच. "कॉन्टॅक्ट!" असं ओरडून तिनं आजोबांसारखं माझं पातं खाली ओढलं. मी फिरलो, जरासाच, पण फिरलो! रुपरावच्या पुरणपोळीवर शेंदूर सांडला. तो हसत सुटला, हसता हसता डोळे पुसू लागला.

पुढे मात्र हललो नाही. दांडा गंजलाय.

सोमवारी दामिनी गेली. आजीनं तिच्या पिशवीत काटोलची संत्री कोंबली. "खा वं, आता मले चालत नाही."

मी अजून भिंतीवरच आहे, तिरपा. आता विमान गेलं की रुपराव अंगणात जाऊन वर बघतो. सिंधूताईही येतात. "मारोतीनं कूस बदलली वं!" असं साऱ्या गल्लीत सांगत फिरतात.

सिंधूताई, तुमच्याकडं एकच मागणं आहे. मारोती समजूनच घाला, चालेल. पण तेल पात्यांवर नका घालू बाई. मधल्या दांड्यावर घाला. थोडं थोडं, दर शनिवारी.