वाचलेले पैसे आहेत कुठे?

मी एक जुनी, हिरव्या रंगाची, हाताने चालवायची मशीन आहे, मित्रांनो. ज्या रविवारी माझ्या दांड्याला साठ डॉलरची चिठ्ठी बांधली गेली, त्या रविवारची गोष्ट सांगायला बसले की अजून माझी स्प्रिंग थरथरते. तेव्हा मध्येच मी घाई केली तर सांभाळून घ्या.

आधी माझं काम सांगते. छऱ्याच्या बंदुकीचं काडतूस उडालं की त्याची प्लास्टिकची नळी रिकामी उरते. बहुतेक लोक ती फेकून देतात. माझा मालक एल्डन स्कोगन ती उचलून आणतो आणि माझ्या पायाशी उभी करतो. मग माझा दांडा ओढायचा. पहिल्या ओढीला बुडातलं जळकं बटण बाहेर पडतं, दुसरीला ठिणगी देणारं नवं बटण बसतं. पुढे एका बाटलीतून चिमूटभर बंदुकीची दारू, तिच्यावर प्लास्टिकची इवलीशी वाटी, वाटीत दुसऱ्या बाटलीतले छरे, आणि शेवटच्या ओढीला नळीच्या तोंडाच्या पाकळ्या मिटतात. फुलाने पुन्हा कळी व्हायचं ठरवावं तशा. हे मोठ्या माणसांचं काम आहे, आणि शांत डोक्याच्या मोठ्या माणसांचं.

पस्तीस वर्षांपूर्वी एल्डनने मला बायकोला न विचारता घरी आणलं. तो तेव्हा दुधाचा टँकर चालवायचा, आणि दर गुरुवारी गावाबाहेरच्या नेमबाजीच्या क्लबात, यंत्राने हवेत फेकलेल्या मातीच्या चकत्या बंदुकीने उडवायला जायचा. अमेरिकेतल्या आमच्या साउथ डकोटात गहू आणि वारा सोडला तर तीच एक करमणूक. नाताळपर्यंत ही मशीन आपली किंमत वसूल करून देईल, असं त्याने व्हर्नाला सांगितलं. कोणता नाताळ ते सांगितलं नाही.

काय दिवस होते ते! हिवाळ्यात गराजमध्ये हीटर लावून एल्डनचे मित्र माझ्याभोवती कोंडाळं करायचे. पातळ कॉफी आणि व्हर्नाच्या हातच्या रुबार्बच्या आंबटगोड देठांच्या वड्या खात जो तो माझा दांडा एकदा तरी ओढून बघायचा आणि म्हणायचा, अशी मशीन आता कुणी बनवत नाही. मी फुगून जायचे. मग मित्र म्हातारे झाले, दुकानात तयार काडतुसं स्वस्त मिळू लागली, शिशाचे भाव चढले, आणि गेल्या वर्षी एल्डनच्या कोपराचं ऑपरेशन झालं. तो अख्खा उन्हाळा त्याने दुकानातली काडतुसं वापरली आणि मी एका मळक्या चादरीखाली बसून राहिले. चादरीखाली फार विचार येतात, मित्रांनो.

चादर काढली ती व्हर्नाने. शाळेच्या स्वयंपाकघरातून ती नुकतीच निवृत्त झाली होती आणि तिला माझ्या जागी मोठा फ्रीझर हवा होता. एल्डनने लगेच माझी बाजू घेतली. कोपर आता बरा आहे, ही मशीन पैसे वाचवते, वगैरे. व्हर्ना शांतपणे म्हणाली, "पस्तीस वर्षं तू वाचवतोयस. मग ते पैसे आहेत कुठे? दाखव तरी मला एकदा."

एल्डन गराजभर बघत राहिला, जणू ते एखाद्या फळीवर ठेवलेले सापडतील.

अशी पैज लागली. मागच्या उन्हाळ्याच्या दुकानातल्या पावत्या व्हर्नाकडे होत्याच. ह्या उन्हाळ्यात काडतुसं घरी भरायची, खर्च तिने लिहायचा. कमी निघाला तर मी आयुष्यभर त्या जागेवर. जास्त निघाला तर सप्टेंबरच्या शेवटच्या सामन्याला क्लबात जुन्या वस्तूंचं टेबल लागतं, त्यावर मी. पैज त्यांची होती, पण पणाला मी लागले होते.

एल्डनने जोरात सुरुवात केली. एका हाताने दांडा ओढायचा, कान रेडिओवरच्या बेसबॉलकडे. दारूची बाटली रिकामी झालेली त्याला कळलीच नाही. गुरुवारी क्लबात त्याने बंदूक खांद्याला लावली, ओरडला "सोड", चकती उडाली, चाप ओढला, आणि फुस्स. क्लबात सगळे गप्प झाले. असं झालं की आधी बंदूक उघडून नळीतून आरपार उजेड दिसतो का ते बघतात, कारण वाटी नळीत अडकली असेल आणि वर दुसरी गोळी झाडली तर बंदूकच फुटते. उजेड दिसला, तेव्हा कुठे लोकांनी तोंडं उघडली. गस होफर, क्लबातला सगळ्यात चिवट घासाघीस करणारा माणूस, म्हणाला की एल्डनने पैसे वाचवायची नवी युक्ती काढलीय, दारूच घालायची नाही.

घरी आल्यावर व्हर्नाने प्रत्येक काडतुसाच्या तोंडावरून अंगठा फिरवला. दारू नसली की वाटी खोल बसते आणि मिटलेल्या पाकळ्या मध्ये खचतात, हे तिचं तिलाच सापडलं. तशी नऊ निघाली.

"तीनशे मुलांचं जेवण रांधलं मी रोज," ती म्हणाली, "एकदाही मीठ विसरले नाही. ऊठ त्या स्टुलावरून."

तेव्हापासून माझा दांडा व्हर्नाच्या हाती आला. मित्रांनो, हात कसा असतो ते मला त्या दिवशी कळलं! रेडिओ बंद. बोलणं बंद. प्रत्येक ओढीनंतर बाटलीकडे एक नजर, प्रत्येक तोंडावर अंगठा. तिने माझ्या सांध्यांत तेल घातलं, जुन्या टूथब्रशने कोपऱ्यातली काजळी काढली. मी पैज हरावी असं जिला वाटत होतं, तीच हे सगळं करत होती, पण हरवणाऱ्याने इतकं सांभाळलं तर तक्रार कुणाकडे करायची?

मग आपण भरलेली काडतुसं उडतात तरी कशी हे बघायला ती एका गुरुवारी क्लबात गेली. एल्डनची बंदूक तिने स्वतःच खांद्याला लावली आणि तिसऱ्या चकतीचा चुरा झाला. घरी आली ती गाल लाल करून, आणि फ्रीझरचा विषय त्या रात्री निघाला नाही. पुढच्या गुरुवारी ती एल्डनच्या आधी गाडीत बसली होती.

सप्टेंबरात तिने हिशेब मांडला. पंचवीस काडतुसांच्या पेटीमागे चाळीस सेंट वाचले होते. एल्डनने टाळी वाजवली. मग तिने पुढचा आकडा वाचला. मागच्या वर्षी चाळीस पेट्या उडाल्या होत्या, ह्या वर्षी चौऱ्याऐंशी. एकूण खर्च दुपटीच्या जवळ.

"त्यातल्या तेहतीस पेट्या तुझ्या आहेत," एल्डन म्हणाला.

व्हर्नाने बेरीज पुन्हा एकदा करून बघितली. पण दोघंही नॉर्वेहून आलेल्या शेतकऱ्यांची नातवंडं, दिलेला शब्द मागे घ्यायला कुणी शिकवलंच नव्हतं. तिला वाटत होतं त्याने म्हणावं, राहू दे. त्याला वाटत होतं तिने म्हणावं. कुणीच म्हणालं नाही आणि मी विकली गेले, जवळजवळ.

शनिवारी संध्याकाळी एल्डन एकटाच आला. व्हर्नाची रविवारची पेटी पुरी व्हायला चारच काडतुसं कमी होती. त्याने दांडा ओढला, नाक पुसलं, पुन्हा ओढला. शेवटच्या काडतुसाला बाटली तळाला गेली होती. मला कळलं! दारू पडलीच नाही, वाटी खोल गेली, पाकळ्या खचल्या. पण मला दांडा आहे, तोंड नाही. त्याने ते पेटीत ठेवलं, माझ्या डोक्यावर थोपटलं आणि दिवा बंद केला.

आणि रविवार उजाडला. टेबलावर माझ्या एका बाजूला गळके बूट, दुसऱ्या बाजूला फुटका थर्मास, दांड्याला साठ डॉलरची चिठ्ठी. टेबलापासून वीस पावलांवर नेमबाजांची रांग होती. पाच जण, एकामागून एक, प्रत्येकाला पंचवीस चकत्या. व्हर्ना तिसरी, डोक्यावर गवताची हॅट, आणि कमरेच्या पिशवीत अख्खी पेटी, वर दोन जादा काडतुसं, आणि त्यांतच ते काडतूस. आमच्या क्लबाचा नियम कडक आहे. घरी भरलेलं काडतूस फुसकं निघालं तर चकती गेली.

पहिल्या पाच फुटल्या. मग दहा. पंधराव्यानंतर कॉफीच्या टेबलावरचे लोक कप घेऊन उभे राहिले. प्रत्येक वेळी ती पिशवीत हात घालायची आणि मी जागच्या जागी घट्ट व्हायचे. हे नसावं, हेही नसावं!

अठराव्या चकतीला गस माझ्यापाशी आला. त्याने माझा दांडा ओढून बघितला, चाळीस म्हणाला. एल्डनने मान हलवली. त्याचं अर्धं लक्ष रांगेकडे होतं. विसावी फुटली. गस पंचेचाळीसवर आला, मग पन्नास. बाविसावी! गस म्हणाला पंचावन्न, आणि नोटा समोर धरल्या. शब्द तो शब्द. एल्डनने न बघताच त्या घेतल्या.

तर मित्रांनो, तेविसावी फुटली तेव्हा मी गसच्या काखेत होते, उलटी. आणि उलटंच बघितलं मी, व्हर्नाने चोविसाव्यासाठी काडतूस काढलं, ते बंदुकीत जाणार तोच तिचा अंगठा त्याच्या तोंडावरून फिरला. ती थांबली. अंगठा पुन्हा एकदा खळग्यात बसला. तिने ते काडतूस शर्टाच्या खिशात टाकलं, वळून एल्डनकडे असं बघितलं की मला गसच्या काखेत हसू फुटलं, आणि जादातलं एक घेतलं. सोड! चुरा. पंचविसावी उजवीकडे दूर पळाली, वाऱ्याने उचलली, मला वाटलं गेली. पण चकतीच्या जागी नुसता काळा धुरळा उरला!

आमच्याकडे कुणी पहिल्यांदा पंचवीसपैकी पंचवीस उडवल्या की त्याची हॅट हवेत फेकतात आणि अख्खी रांग तिच्यावर नेम धरते. व्हर्नाने स्वतःच फेकली. खाली आली ती नुसती किनार.

बंदूक उघडून, रिकामी करून ती सरळ गसच्या गाडीपाशी आली. त्याने मला मागच्या फळीवर ठेवलंच होतं. तिने किंमत विचारली. गस म्हणाला नव्वद.

"आत्ता पंचावन्नला घेतलीस."

"आत्ता ती एल्डनची जुनी मशीन होती," गस म्हणाला. "आता पंचवीसपैकी पंचवीसवाली आहे. जरा माझाही विचार कर."

घासाघीस होईल म्हणून तो तयारीत उभा होता. व्हर्नाने एल्डनच्या हातातले पंचावन्न काढून घेतले, आपले पस्तीस त्यात घातले आणि नोटा गसच्या खिशात कोंबल्या. गसचं तोंड इतकं पडलं की त्याला नफ्याचा आनंदही घेता आला नाही.

घरी येताना मी त्या दोघांच्या मध्ये बसले होते, पट्टा लावून. एल्डन बोटांवर काहीतरी मोजत होता. शेवटी न राहवून म्हणाला, "व्हर्ना, पस्तीस डॉलर वर गेले. पेटीमागे चाळीस सेंट धरले तर ते भरून निघायला अठ्ठ्याऐंशी पेट्या लागतील."

"मग लागू देत," व्हर्ना म्हणाली. "तू दारूकडे लक्ष ठेवायचं."

फ्रीझर शेवटी बैठकीच्या खोलीत आला, टीव्हीशेजारी. मी माझ्या जागी आहे, तेलपाणी वेळेवर होतं. मी पैसे वाचवते का, असं कुणी विचारलं तर खरं सांगायचं म्हणजे नाही, मी उलट खर्च वाढवते. मोजून, लेखी. पण मित्रांनो, तुमच्या घरातही चादरीखाली कुणीतरी जुनं बसलेलं असेल. त्याला चिठ्ठी बांधण्याआधी चादर काढा, दोन थेंब तेल घाला, आणि ज्याने आजवर कधी हात लावला नाही त्याला एकदा दांडा ओढू द्या.