जास्वंदीचं जेवण

खताच्या पिंपाचं झाकण काढलं की आतून वाफ यायची, भात उतरल्यावर यावी तशी, आणि त्या वाफेत माझी बायको सुनंदा लुगडं खोचून, काठीनं काळं सोनं उकरत उभी असायची. बोरीवलीतल्या आमच्या तळमजल्याच्या मागच्या पट्टीत दहाचं तिरकं ऊन यायचं, तेवढंच. पण ते तिच्या कपाळावरच्या घामावर असं काही थांबायचं, की दिवसभराचा उजेड तिथूनच निघतोय असं वाटावं. वैशाखात आंब्याच्या साली, भाद्रपदात निर्माल्य, माघात मटाराची टरफलं. सगळे ऋतू त्या पिंपात एकमेकांवर निजायला यायचे. सडतंय म्हटलं की चिडायची. "सडतंय काय? मुरतंय म्हणा!"

सोसायटीचा नियम होता, पिंपात फक्त भाजीपाला. पण मालवणकडची बाई ती! बांगड्याची डोकी वाळल्या पानांत गुंडाळून पार तळाशी दडपायची आणि मला कोपऱ्यावर उभं करायची. "अहो, कोणी आलं तर खोका." मी इतका मन लावून खोकायचो, की शेजारच्या नीलाबेन आल्याचा काढा घेऊन यायच्या. कांदासुद्धा न खाणाऱ्या या बाई रोज त्याच खतावर वाढलेल्या आमच्या जास्वंदीची फुलं देवाला न्यायच्या, आणि सुनंदा पदराआड हसायची.

माघात ती गेली. मी मासळीबाजाराचा रस्ताच सोडला. डाळभात, तोही निम्मा. चैत्रात जास्वंद पिवळी पडली, कळ्या गळाल्या. तिच्या हातचं तेवढं एकच जितं उरलं होतं, तेही चाललेलं बघत मी नुसता पाणी ओतत बसायचो.

एका सकाळी नीलाबेन रिकामी ताटली घेऊन उभ्या. "भाऊ, मच्छी आणायची बंद केली ना?"

"कसली मच्छी?"

"आता तरी खरं बोला! भाभी डोकी पुरायची, तुम्ही खोटं खोकायचे. मला काय नाक नाय?"

"आणि तरी फुलं देवाला?"

"देवाला फूल दिलं, मच्छी नाय दिली. जावा, घेऊन या. झाडाला एकट्याला नका देऊ, तुम्हीपण खावा. हाडं दिसायला लागली."

किती महिन्यांनी हसलो, पोट दुखेस्तोवर. बाजारात गेलो, चार बांगडे आणले, तळताना दोन करपवले, चारही खाल्ले. रडू आलं, पण जेवण सोडलं नाही. डोकी तळाशी गेली.

आता आश्विन आहे. नीलाबेनच्या ताटलीत सकाळी पाच लालभडक फुलं होती. मी समजून चाललो होतो, की सुनंदाची सगळी आठवण माझ्या एकट्याच्याच घरात आहे. भिंतीपलीकडे दुसरी एक सुनंदा इतकी वर्षं गुपचूप राहत होती, याचा मला पत्ताच नव्हता. गेलेलं माणूस किती जणांकडे थोडं थोडं राहिलेलं असतं, ते दारोदार जाऊन विचारायला उरलेले दिवस पुरणार नाहीत. पण आता सकाळी उठावंसं वाटतं, ते त्याचसाठी.